दशक्रियेतला भूगोल

सकाळी पेपर आला की बाई आधी कोण गेलं ते बघत. राजकारण, द्राक्षाचे भाव, राशिभविष्य, सगळं नंतर. निधनवार्तांचं पान स्टाफरूमच्या टेबलावर पसरायचं, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि लाल पेनानं खुणा करत जायचं. नव्यानं आलेल्या माणसाला वाटे, बाईंचा गोतावळा फार मोठा असावा आणि त्यात कोणी ना कोणी सारखं जात असावं. मलाही तसंच वाटलं होतं. चेहरा जरा गंभीर करून मी जवळ गेलो, तर बाई खुशीत म्हणाल्या, "दिंडोरीकडच्या एका सोसायटीच्या चेअरमनचे वडील गेलेत. दशक्रियेला खासदार येणार. तुमच्याकडे स्कूटर आहे ना?"

स्कूटर होती, हा माझा गुन्हा. पंचवटीतल्या आमच्या शाळेत बाई भूगोल शिकवत आणि मी चित्रकला. चित्रकलेच्या शिक्षकाला रविवारी काही काम नसतं असं शाळेत सगळेच धरून चालत, बाई तर सोमवार ते शनिवारही तसंच धरून चालत. त्यामुळे मी त्यांचा सारथी झालो. माझं लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?" खरं उत्तर असं होतं, की अनोळखी माणसांच्या दशक्रियेला जातो. मी "वाचन" म्हणून वेळ मारून नेली.

हे सगळं कशासाठी, तर टीबीसाठी. टीबी, मलेरिया आणि असेच देशोदेशी हिंडणारे आजार, यांच्यासाठी सरकारनं जास्त पैसे द्यावेत, हे बाईंचं एकच मागणं होतं. आपल्या दवाखान्यांना द्यावेत आणि सगळ्या देशांनी मिळून या आजारांसाठी जो निधी ठेवला आहे, त्यातही घालावेत. आणि ते आमच्या खासदारांनी लोकसभेत उभं राहून मागावं. बस्स. बाईंनी अर्ज केले, निवेदनं दिली, खासदारांच्या कार्यालयातल्या बाकावर बसून बसून तिथल्या शिपायाच्या मुलीला अक्षांश-रेखांश शिकवले. साहेब कधी मीटिंगला, कधी दौऱ्यावर, कधी मागच्या दारानं दौऱ्यावर. तेव्हा बाईंनी विचार केला, की हा माणूस चप्पल काढून, सतरंजीवर मांडी घालून, तोंड मिटून बसतो अशी जागा कुठली?

अशी जागा एकच. आमच्या भागात नदीकाठी दशक्रियेला मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलतो, सोसायटीवाले बोलतात, व्याही बोलतात. मानाचं भाषण सगळ्यात शेवटी. म्हणजे सर्वांत मोठा पुढारी जो असेल, त्याला आधीच्या सगळ्यांचं ऐकून घ्यावंच लागतं. मध्येच उठला तर मयताचा अपमान आणि भावकीची मतं गेली. बाई म्हणत, "लोकसभेत खासदार उठून चहाला जाऊ शकतो. इथं नाही जाऊ शकत."

बाईमाणसानं दशक्रियेला माइक घ्यायचा नसतो, हे त्यांना पहिल्याच वेळी सांगण्यात आलं. पण संस्थेच्या बदल्यांमुळे बाई अर्ध्या जिल्ह्यात शिकवून झाल्या होत्या. माइक धरणारा हटकून त्यांचा विद्यार्थी निघे. "बाई, नका ना," तो हळूच म्हणे, आणि बाई म्हणत, "गोदावरी कुठं उगम पावते?" तो म्हणे, "त्र्यंबकेश्वरला, ब्रह्मगिरीवर," आणि तोवर माइक बाईंच्या हातात आलेला असे.

मग माझं काम सुरू होई. बाईंच्या सांगण्यावरून मी एका जुन्या चादरीवर जगाचा नकाशा रंगवला होता. तो मांडवाच्या दोन खांबांना बांधायचा. त्यातलं ग्रीनलंड माझ्या हातून फार मोठं झालं होतं, आणि हे बाई मला दर दशक्रियेला, मयताच्या फोटोसमोर उभ्या राहून ऐकवत.

बोलताना आधी मयताबद्दल दोन वाक्यं. ती खरीच असली पाहिजेत हा त्यांचा नियम. गावात उतरल्यावर त्या दोनचार बायांशी बोलून घेत आणि मग म्हणत, "नानांनी उभ्या जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही हे आपण सगळे जाणता. आज ते शांतपणे ऐकतील." लोक आधी दचकत, मग मिशीत हसत. नानांची म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसली होती, मी बघितलं.

त्यानंतर भूगोल. "तुमची द्राक्षं कुठं जातात?" बाई विचारत. कोणी म्हणे हॉलंड, कोणी दुबई. बाई छडीनं चादरीवर ठिकाण दाखवत. "द्राक्ष बोटीत चढायच्या आधी त्याच्या मण्याची लॅबमध्ये तपासणी होते. औषधाचा अंश किती उरलाय ते बघतात. आणि ते द्राक्ष खुडणारा मजूर पेठ-सुरगाण्याहून येतो, तुमच्या बागेतल्या शेडमध्ये राहतो, रात्रभर खोकतो. त्याच्या बेडक्याची तपासणी कोणी केली?" बागायतदार एकमेकांकडे बघत. मी मात्र साहेबांकडे बघत असे. साहेब घड्याळाकडे बघत असत.

एकदा एक तरणा शेतकरी उठला. म्हणाला, "बाई, आपल्या दवाखान्यात गोळ्या भेटत नाय आन् तुम्ही आफ्रिकेला पैसे द्यायला निघाल्या. ह्ये काय मला पटत नाय."

बाईंना असा विद्यार्थी फार आवडे. "तुझी बाग आहे?"

"हाय ना."

"वेलीवर भुरी येते?"

"येती की. लय येती."

"तू फवारलंस आणि शेजाऱ्यानं नाही फवारलं, तर तुझी भुरी जाते?"

तो डोकं खाजवत उभा राहिला. शेजारची माणसं हसायला लागली, कारण त्याचं आणि त्याच्या शेजाऱ्याचं नेमकं याच गोष्टीवरून वाजलेलं होतं. "मग शेजाऱ्याच्या फवारणीला थोडी मदत केलेली परवडते की नाही?" बाई म्हणाल्या. "जगात आपले शेजारी जरा लांब राहतात, एवढंच."

खासदार माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, आणि शेवटी माइकवर सांगायचा, "बाईंनी मांडलेल्या विषयावर आम्ही निश्चित प्रयत्न करू." हा 'प्रयत्न' बाईंना मुळीच चालत नसे. त्या बसल्या जागेवरून म्हणत, "प्रयत्न नको साहेब. बोलणार कधी ते सांगा." साहेब हसून हात जोडत आणि गाडीत बसत. पुढं पुढं तर त्यांचा ड्रायव्हर मला आधी फोन करून विचारायला लागला, "सर, आज बाई आहेत का?" मी खरं सांगत असे. मग साहेब प्रवचन संपता संपता येत, पण तरी येत. न येऊन चालणार नव्हतं.

दशक्रियेतलं जेवण बाई घेत नसत. "कामाला आलोय, जेवायला नाही," हे त्या मांडवात बुंदीचा वास सुटलेला असताना म्हणत, आणि मलाही उठवत. या एका बाबतीत मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही. परत येताना पंचवटीत मिसळ खाऊ घालत, पण मिसळ ती मिसळ आणि बुंदी ती बुंदी.

त्यांची दुसरी खोड खिडक्यांची. कुठंही गेल्या, की आधी खिडकी उघडत. शाळेत, बसमध्ये, लोकांच्या घरात. डिसेंबरात नाशिकची थंडी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. स्टाफरूममध्ये आम्ही मफलर गुंडाळून बसलेलो असायचो आणि बाई तिन्ही खिडक्या सताड उघडून पेपर तपासत असायच्या. "कोंडलेली हवा म्हणजे एकमेकांचा उष्टा श्वास," त्या म्हणत. देशांबद्दल त्या शेजारणींबद्दल बोलावं तशा बोलत. सकाळी आल्या आल्या म्हणत, "पेरूमध्ये यंदा बरं नाही हो." इतिहासाचे सर एकदा चटकन म्हणून गेले, "काय झालं, कोण आहे तिथं तुमचं?" बाई म्हणाल्या, "माणसं आहेत."

हाच प्रश्न सगळे विचारत. तुमच्या घरात कोणाला टीबी झाला होता का? आई? भाऊ? बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे काहींनी तर मनाशी एक गोष्टही रचून ठेवली होती. बाई भडकत. "घरात झाल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे का? माझ्या घरात ज्वालामुखीही झालेला नाही. तरी मी तो दर वर्षी शिकवते." त्यांच्या घरात कोणालाही काहीही झालेलं नव्हतं. कसलाही घाव नसताना एखादं माणूस परक्यांसाठी इतकं झटतं, हे लोकांना पटत नसे. मला स्वतःला बाईंबद्दल जे वाटे ते मुख्यतः यामुळेच.

त्यांना बोलता बोलता अडलेलं मी एकदाच पाहिलं. दिंडोरी तालुक्यातच, कादवेच्या काठी, एका द्राक्षबागायतदाराची दशक्रिया होती. मयत फार वयाचे नव्हते. बाई नेहमीप्रमाणे बोलायला उभ्या राहिल्या. नकाशा, द्राक्षं, शेडमधला खोकला. पण या वेळी कोणी एकमेकांकडे बघेना. पहिल्या रांगेत मयताची मुलगी बसली होती, मनीषा तिचं नाव, तिनं मान इतकी खाली घातली, की तिचं कपाळ गुडघ्याला लागलं. मयताचा भाऊ उठला आणि त्यानं बाईंच्या हातातून माइक काढून घेतला. तो त्यांचा विद्यार्थी नव्हता.

"आमच्या भावाला निमोनिया झालता," तो म्हणाला. "निमोनिया. ज्याला काय समजायचं त्यानं समजून घ्या. घरात लग्नाची पोरगी हाय, बाई. तुम्हाला लाजा नायत का?"

बाईंना खरंच माहीत नव्हतं. गावातल्या बायांनी त्यांना मयताची दोन खरी वाक्यं सांगितली होती, तिसरं कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खासदारांनी फार सुंदर श्रद्धांजली वाहिली आणि टीबीचा शब्दही काढावा लागला नाही म्हणून हलक्या अंगानं गाडीत बसले. मी नकाशा सोडून गुंडाळला. येताना मिसळीच्या दुकानापुढून आम्ही तसेच निघून आलो. घरापाशी उतरल्यावर बाई म्हणाल्या, "ती पोरगी माझ्या वर्गात असती ना, तर तिची मान बघून मला कळलं असतं. मी साहेबांकडे बघत होते."

पुढच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा त्याच गावी न्यायला लावलं. मी सांगून बघितलं, की आता तिकडं गेलो तर दगड खाऊ. बाई म्हणाल्या, "तुम्ही स्कूटरवरच बसा." त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आत कोणी बोलावलं नाही. त्यांनी मनीषाच्या चुलत्याची माफी मागितली, नीट, हात जोडून. आणि त्याच दमात म्हणाल्या, "निमोनिया असेल तर असू दे. पण घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या." चुलता पुन्हा तापला. आम्ही निघालो, तेव्हा माजघराची खिडकी आतून कोणीतरी उघडली, तेवढं मला दिसलं.

महिन्याभरानं मनीषा आईला घेऊन बाईंच्या पंचवटीतल्या खोलीवर आली. घरी सांगून आली होती, की रामकुंडावर वडिलांच्या नावानं काहीतरी करायचं राहिलंय. तिची आई खोकत होती. बाई दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. आईला टीबी निघाला. त्या दिवसांत गोळ्यांचा पुरवठा कधी होई, कधी नाही. खिडकीवरचा माणूस म्हणे, वरूनच आलेल्या नाहीत. बाई "वरून म्हणजे कुठून" हे विचारत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात, आणि गोळ्या हातात पडेपर्यंत जागच्या हलत नसत. मनीषाची आई बरी झाली. गावात कोणाला कळलं नाही. चुलत्याला कळलं, पण त्यानं ते कळल्याचं दाखवलं नाही.

मनीषाचं लग्नही झालं, ओझरला दिली. लग्नात बाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. चुलत्यानं स्वतः त्यांना जिलेबी वाढली, एक शब्द न बोलता. बाईंनी ती खाल्ली. मीही खाल्ली, बरीच.

बाई गेल्या त्या हृदयविकारानं, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. खिडकी उघडी होती. भेटायला येणारे हळूच विचारत, "टीबी होता का?" नव्हता. इतका साधा आजार सांगताना बाईंना स्वतःलाच जरा ओशाळल्यासारखं झालं असतं.

पेपरात त्यांची निधनवार्ता मी दिली. छापून आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये ते पान कोणी पसरलं नाही, आणि लाल पेन टेबलावर तसंच पडून होतं. मला तिथं बसवेना. मी वर्गावर जाऊन मुलांना आवडतं चित्र काढायला सांगितलं आणि खिडकीपाशी तोंड फिरवून उभा राहिलो.

दशक्रिया त्यांच्या पुतण्यानं कादवेच्या काठी ठेवली. घाट तोच, मनीषाच्या गावचा. बाईंचं मूळ गाव तिथून जवळच होतं. अर्ध्या जिल्ह्याचे विद्यार्थी आले. खासदार आले, आणि प्रवचन सुरू व्हायच्या आधी आले. मी नकाशा बांधला. भाषणं सुरू झाली, आणि दुसऱ्याच भाषणाला मनीषा उठली. कडेवरचं मूल तिनं आईकडे दिलं आणि माइक घेतला.

"माझ्या वडिलांना टीबी होता," ती म्हणाली. "याच काठावर आम्ही निमोनिया सांगितला होता. टीबी होता. आईलाही झाला. ही बघा, बसलीय. बाई म्हणायच्या, घरात झाल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम नाही. पण माझ्या घरात झाला होता आणि तरी मी बोलत नव्हते."

एवढंच बोलून ती खाली बसली. चुलता पहिल्या रांगेत होता. तो जमिनीकडे बघत राहिला, उठून गेला नाही.

मग पिंड ठेवला. सगळे काठावर उभे. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण एक खाली येईना. या गोष्टीवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. रामकुंडावरचे कावळे रोज इतके पिंड खातात, की त्यांना अजीर्ण होतं, यात आत्म्याचा काय संबंध, असं त्या भटजींना तोंडावर सांगत. पण त्या नव्हत्या आणि आम्ही होतो. पुतण्या पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आत्या, घराची काळजी नको. पुस्तकं शाळेला देतो." कावळा येईना. कोणी म्हणालं, सर, तुम्ही म्हणा. मी पुढं गेलो. माझ्या तोंडून निघालं, "बाई, ग्रीनलंड लहान करतो." मागं हसू फुटलं, आणि हसता हसता पुतण्याचे डोळे भरून आले. कावळा येईना.

ऊन चढलं. साहेब उभे होते, त्यांच्या माणसानं हळूच गाडी वळवून ठेवली होती. तेव्हा मनीषाचा चुलता पुढं आला.

"ह्ये आमच्यानं सुटायचं नाय," तो म्हणाला. "साहेब, बाईंचं तुमच्याकडं अडकलंय. तुम्ही म्हणा."

सगळा घाट साहेबांकडे बघायला लागला. साहेब अनवाणी पुढं आले. हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "मी या विषयावर निश्चित प्रय..." आणि थांबले. ते वाक्य तोडणारा आवाज आम्हा सगळ्यांच्या कानांत होता. साहेबांनी रुमालानं मान पुसली. "येत्या अधिवेशनात बोलतो," ते म्हणाले. "आपल्या दवाखान्यांचंही आणि जगाच्या निधीचंही. शब्द देतो."

आम्ही त्यांच्याच तोंडाकडे बघत होतो. पिंडाकडे नजर गेली तेव्हा पिंड फुटलेला होता आणि कावळा भाताचं शीत चोचीत घेऊन बाभळीवर पोचलाही होता. तो कधी उतरला, शब्दाआधी की नंतर, ते कोणीच पाहिलं नाही.

साहेबांनी शब्द पाळला. अधिवेशनात ते बोलले. मनीषा मुद्दाम ओझरहून आली होती. स्टाफरूममध्ये तिच्या फोनवर आम्ही दोघांनी बघितलं. सभागृहात फारसं कोणी नव्हतं. साहेबांनी द्राक्षाचा मणी सांगितला, मजुराचा बेडका सांगितला, शेजाऱ्याच्या बागेतली भुरीसुद्धा सांगितली. बाईंचं नाव घेतलं नाही, "आमच्याकडच्या एक शिक्षिका" म्हणाले. मला भरून आलं, ते मी मफलरमध्ये लपवलं. मफलर होताच, कारण मनीषानं आल्या आल्या तिन्ही खिडक्या उघडल्या होत्या.

मग मंत्री उत्तराला उभे राहिले. सन्माननीय सदस्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणाले. सरकार त्या दिशेनं निश्चित प्रयत्न करील.

मनीषानं फोन बंद केला. टेबलावरचं लाल पेन उचललं, त्याचं टोपण काढून शाई येते का ते तळहातावर बघितलं.

"सर," ती म्हणाली, "मंत्र्यांच्या गावाकडं कोणता पेपर वाचतात?"